पिंपाचा संस्कार

मद्याचे नाव निघताच ज्या घरांत आजही कानांवर हात ठेवतात, अशाच एका घरात आम्ही वाढलो. तेव्हा स्कॉटलंडातील एका व्हिस्कीच्या आस्वादाविषयी आम्ही लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु निंदा करावयाची झाली तरी वस्तूचे स्वरूप जाणून करावी, अशी शास्त्राची रीत आहे. आणि या वस्तूचे स्वरूप खरोखर विचार करावयास लावणारे आहे.

‘व्हिस्की’ हा शब्द स्कॉटलंडाच्या गेलिक भाषेतील ‘जीवनजल’ अशा अर्थाच्या पदापासून निघाला. १८२३ च्या कायद्याने परवाना आवाक्यात आणला, तेव्हा डोंगरकपारीत चोरून मद्य गाळणारे अनेक शेतकरी उजळ माथ्याने तो धंदा करू लागले. पर्थशायर परगण्यात पिट्लॉक्री गावाजवळ असलेली एड्राडाउरची भट्टी त्याच सुमाराची. तिचा आरंभ १८२५ सालचा मानतात. पांढऱ्या भिंतींची, तांबड्या दारांची ती वास्तू एखाद्या शेतकऱ्याच्या वाड्यासारखीच दिसते. स्कॉटलंडातील सर्वांत लहान भट्टी अशी तिची दीर्घकाळ ख्याती होती.

कृती ऐकण्यास सोपी आहे. सातूस मोड आणून ते वाळवावयाचे, भरडावयाचे, ऊन पाण्यात त्यांची साखर उतरवून घ्यावयाची, ती आंबवावयाची आणि तांब्याच्या पात्रांतून दोनदा तिचा अर्क काढावयाचा. केवळ मोडाच्या सातूपासून एकाच भट्टीत असा अर्क काढला, म्हणजे त्यास ‘सिंगल मॉल्ट’ म्हणतात. मात्र हा अर्क पाण्यासारखा निर्वर्ण असतो. २००९ च्या नियमांप्रमाणे तो ओकच्या लाकडी पिंपात निदान ३ वर्षे मुरल्यावाचून त्यास स्कॉच व्हिस्की म्हणता येत नाही. या काळात दरसाल सुमारे २ टक्के द्रव्य हवेत उडून जाते. तेथील लोक त्यास ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. हविर्भाग सर्वत्र आहेच म्हणावयाचा!

खरे नवल आहे ते पिंपाचे. स्पेनच्या दक्षिणेस हेरेस नावाचे नगर आहे. तेथील द्राक्षमद्यास इंग्रजांनी नगराच्या नावाचा अपभ्रंश करून ‘शेरी’ म्हटले. तिच्या एका प्रकाराचे नाव ‘ओलोरोसो’, म्हणजे सुगंधी. पूर्वी ही शेरी पिंपे भरभरून जहाजांनी ब्रिटनास जाई आणि रिकामी झालेली पिंपे व्हिस्कीवाले घेत. गेल्या शतकाच्या नवव्या दशकापासून शेरी स्पेनमध्येच बाटल्यांत भरली जाऊ लागली. तेव्हापासून व्हिस्कीसाठी म्हणून मुद्दाम नवी पिंपे घडवून, काही काळ शेरीने भरून ठेवून, मग ती उत्तरेस धाडतात. शेरी काढून घेतली तरी तिचा गंध लाकडात राहतो आणि पुढे येणाऱ्या अर्कास रंग व रुची देतो. दुसऱ्या-तिसऱ्या भरणीस तो गुण उणावत जातो. आमच्या दर्शनकारांनी चित्तात उरणाऱ्या ठशास ‘वासना’ हा शब्द योजिला. त्या शब्दाच्या मुळाशी वास लावणे हाच अर्थ आहे. नव्या भांड्यास लागलेला संस्कार पालटत नाही, हा हितोपदेशातील दृष्टान्त आम्ही मुलांस कितीदा तरी शिकविला. त्याचे इतके मोठे उदाहरण स्पेनच्या पिंपात सापडेल, हे कोणास ठाऊक होते!

एडिंबरो येथे चिरंजीवांच्या बिऱ्हाडी त्या भट्टीची १० वर्षे मुरलेली व्हिस्की आमच्यापुढे आली. तीत मद्यार्काचे प्रमाण ४० टक्के असते. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, या वयात आता हे कशाला?” आम्ही उत्तर न देता पेला नाकाशी नेला. प्रथम भिजविलेल्या मनुकांचा वास आला, मग संत्र्याच्या वाळल्या सालीचा, मग अक्रोडाचा. चिरंजीवांनी पाण्याचे चार थेंब घातले, तेव्हा पाकात मुरलेल्या जायफळासारखे काहीसे वर आले. जिभेवर मधुर, मागाहून किंचित तुरट, आणि घशात ऊब. लाकडाने दहा वर्षे केलेली ती सेवा आम्ही मनोभावे वाखाणली.

परंतु पेला क्षणभर तसाच नाकाशी धरला, तेव्हा या सर्व सुगंधांच्या तळाशी आणखी एक वास आला. तो आमच्या ओळखीचा होता. आमचे धाकटे काका रात्री उशिरा मागील दाराने येत, तेव्हा त्यांच्या सदऱ्यास तोच वास येई. काकूंच्या पाटल्या त्याच वासापायी सावकाराकडे गेल्या आणि काका चाळिशीच्या आतच गेले. त्यांच्या बाटलीत मनुका नव्हत्या, संत्रे नव्हते. मद्यार्क मात्र हाच होता.

म्हणून आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे. रुची, रंग, कळा यांची स्तुती जरूर करावी. परंतु तीतील बराच वाटा पिंपाचा आणि काळाचा आहे, हे विसरू नये. अलीकडे सुशिक्षित घरांत रसिकतेच्या नावाने अशा बाटल्या दिवाणखान्यात मांडल्या जातात. पुष्कळ वर्षे मुरलेली म्हणजे निरुपद्रवी, असा समज तेथे नकळत रुजतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितले, की मद्याचे कोणतेही प्रमाण प्रकृतीस निर्धोक म्हणता येत नाही. ओलोरोसोच्या पिंपासाठी त्यात अपवाद केलेला नाही.

चिरंजीवांस आम्ही काकांची हकीकत त्या रात्री प्रथमच सांगितली. आजवर घरात तिचा उच्चार होत नसे. ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी बाटलीस बूच लावले. ती त्यांनी पुन्हा केव्हा उघडावी किंवा उघडूही नये, हे आम्ही सांगितले नाही. जाणत्या मुलास जे ठाऊक असावयास हवे, ते आता त्यांस ठाऊक आहे.