पारण्यानंतरची केसगळती
मासक्षमणाचे पारणे भाद्रपदात होते आणि केस गळू लागतात कार्तिकात. मध्ये २-३ महिने गेल्यामुळे दोष तेलाला, दृष्टीला, बोअरच्या पाण्याला तर हमखास दिला जातो. तपाची आठवण कोणालाच होत नाही. वस्तुतः दीर्घ उपवासात शरीर केसांची वाढ आवरते घेते आणि विश्रांतीत गेलेली मुळे पुढे केस सोडून देतात. आहार पूर्ववत झाल्यावर साधारण ६ महिन्यांत ते बहुधा परत येतात. तरी लोह, बी-१२ व थायरॉइड तपासून घ्यावे. पुरुषांचे आनुवंशिक टक्कल निराळे; तेथे मिनॉक्सिडिल लावणे थांबले की गळती पुन्हा सुरू. केसांसाठीच्या कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरातही औषधाचे वेष्टन क्वचितच वाचले जाते.