डोंगर सर्वांचा, चाल आपापली

सुट्टीच्या दिवशी कामगाराने काय करावे, असे विचारले तर बहुतेक घरांतून एकच उत्तर येईल – झोप काढावी. उत्तर खोटे नाही. तळोज्याच्या कारखान्यात आठवडाभर पाळ्या केल्या की अंग बोलू लागते. तरीही गेली काही वर्षे आमच्या पनवेलच्या वस्तीतील दहा-बारा कुटुंबे महिन्यातून एक रविवार डोंगर चालायला जातात. इतर वस्त्यांतील बंधू-भगिनींनाही वाट सापडावी, म्हणून हे चार शब्द.

पहिला विरोध आमच्या आत्याबाईंनीच केला. त्या म्हणाल्या, "लहानपणी मोळीसाठी डोंगर चढले, करवंदांसाठी चढले. काट्यांनी पाय फाटायचे. आता हौसेनं कशाला चढू?" प्रश्न बिनतोड होता. डोंगर फिरणे ही खात्यापित्या घरची हौस, आपल्या वाट्याला डोंगर म्हणजे नुसते कष्ट, ही समजूत आपल्यात खोल रुजली आहे. ती वाद घालून जात नाही, चालूनच जाते.

म्हणून आम्ही चालीचे तीन प्रकार केले – सोपी, मधली आणि कठीण. ज्याला जे झेपेल ते त्याने निवडावे. सोप्या वाटेला गेलेला कमी आणि कठीण वाटेचा मोठा, असे कोणी म्हणायचे नाही.

सोप्या चालीला कर्नाळा. पनवेलपासून दहा-बारा किलोमीटर, एसटीने जाता येते. इथले पक्षी अभयारण्य 1968 सालचे. लहान मुले आणि वयस्कर मंडळी खालच्या सावलीतल्या वाटांवर पक्षी पाहत फिरतात. ज्यांचे गुडघे धड आहेत ते दीड-दोन तासांत किल्ल्यावर पोहोचतात. अंगठ्यासारख्या उभ्या सुळक्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. सुळक्याला आग्यामोहळे लागतात, म्हणून तिथे गोंगाट करायचा नाही आणि धूरही करायचा नाही. आत्याबाई पहिल्या खेपेला खालीच थांबल्या. तिसऱ्या खेपेला मात्र टाक्यापर्यंत आल्या, बराच वेळ खालची हिरवळ पाहत बसल्या आणि म्हणाल्या, "डोक्यावर मोळी नसली की डोंगर केवढा दिसतो गं!"

मधल्या चालीला कोंडाणे लेणी. कर्जतहून कोंदिवडे गावी जायचे आणि तिथून राजमाचीच्या पायथ्याच्या रानातून तास-दीड तास चालायचे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे चैत्य आणि विहार समोर उभे राहतात. लाकडात कोरावी तशी दगडात कमान कोरली आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असा लेखही तिथे आहे. भिक्खू आणि व्यापारी याच घाटवाटांनी पायी येत-जात. आमच्या मुलांनी इतिहासाच्या पुस्तकात लेण्यांची चित्रे पाहिली होती. पण घाम गाळून त्या ओसरीवर टेकल्यावर एका मुलाने विचारले, "यांनी दगड वर कसे आणले?" मग त्यालाच उमगले, दगड आणले नव्हते, डोंगरच कोरला होता.

कठीण चाल कलावंतीणची. उंची सुमारे 2250 फूट. ठाकूरवाडीहून प्रबळमाची आणि पुढे कातळात खोदलेल्या उंच पायऱ्या. बाजूला कठडा नाही. इथे फक्त तरुण आणि सवयीची मंडळी जातात, तीही कोरड्या दिवसांत. पावसाळ्यात प्रशासन अनेकदा बंदी घालते. ती मोडण्यात कसला पराक्रम? वरपर्यंत न जाणाऱ्याने माचीवर थांबावे आणि आदिवासी घरातली गरम भाकरी पैसे देऊन खावी. त्यात कमीपणा नाही, उलट त्या घराला हातभार लागतो.

पायथ्याच्या माणसांचा विचार इर्शाळवाडीने शिकवला. इर्शाळगडाला जाताना आम्ही तिथल्या एका अंगणात चहा घेतला होता. 19 जुलै 2023 च्या रात्री डोंगराची दरड त्या ठाकर वाडीवर कोसळली. 27 मृतदेह सापडले, 57 माणसे सापडलीच नाहीत. आपण डोंगरावर दिवसभर पाहुणे असतो आणि संध्याकाळी घरी परततो. ज्यांचे घरच डोंगराखाली आहे त्यांनी कुठे परतायचे? तेव्हापासून भर पावसात आम्ही चाल ठेवत नाही आणि वाडीवाडीत माणसांची विचारपूस केल्याशिवाय पुढे जात नाही.

वाचकहो, गड पाहायला जाणे ही साधी गोष्ट आहे, असे आज वाटते. 1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळ पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याच्या दाराशी, प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काही जणांनी हौदावर हातपाय धुतले. तेवढ्यावरून हौद बाटवल्याचा गलका झाला. आत पाण्याला शिवायचे नाही, या अटीवर त्यांना गड पाहू दिला आणि सोबत हत्यारबंद शिपाई दिला. बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. त्याआधी सात वर्षे, 20 मार्च 1927 रोजी महाडला हजारो माणसे चवदार तळ्यापर्यंत चालत गेली होती. आमच्या कर्नाळ्याखालून जाणारा गोव्याचा रस्ताच पुढे महाडला पोहोचतो. गडावर सगळे एका बाटलीचे पाणी पितात, तेव्हा मी मुलांना हे आवर्जून सांगतो.

आमचे नियम थोडेच आहेत. सर्वांत हळू चालणारा पुढे, वाटेचा माहीतगार शेवटी. माणशी दोन लिटर पाणी. निघताना, माथ्यावर आणि परतताना डोकी मोजायची. दुपारी चारच्या आत उतरायला लागायचे. कचरा परत आणायचा. बायकांनी डबे भरायचे आणि पुरुषांनी नुसते चालायचे, हे आमच्यात चालत नाही. ज्याचा डबा त्याने भरावा.

महागड्या पिशव्या आणि बूट लागत नाहीत. चांगली पकड असलेले साधे बूट, डोक्याला टोपी आणि शेजारच्या दोन घरांची सोबत पुरे. पुढच्या रविवारी आपल्या वस्तीतून निघा. सोप्या वाटेने निघा, पण सगळ्यांना घेऊन निघा.