पाबळची मापे

पाबळचे नाव काढले की पुण्यातला सुशिक्षित मनुष्य लगेच मस्तानीचे नाव काढतो, आणि तेथेच त्याचे पाबळ संपते. त्यात त्याचा फारसा दोष नाही. पहिल्या बाजीरावाने केंदूर, पाबळ आणि लोणी ही गावे मस्तानीला इनाम दिली, १७४० साली बाजीरावापाठोपाठ तीही गेली, आणि तिची कबर पाबळास आहे, एवढे आपण थोडे इतिहासात व थोडे सिनेमात शिकलेले असतो. कबर साधी आहे. कुणी तिला समाधी म्हणतात, कुणी मजार. मौजेची गोष्ट अशी की, कोथरूडला तिच्यासाठी बांधलेला महाल पुढे तेथून उचलला गेला आणि आता तो पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहे. त्याच्या एकेका खांबाची निगा राखली जाते. जिच्यासाठी घर बांधले ती गेल्यावर घराकडे इतके लक्ष! मी पाबळला गेले ती मात्र जिवंत माणसांची घरे पाहावयास.

निमित्त आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचे. मी मराठी शिकवते. पण महाविद्यालयात शिबिराचे काम भाषेच्या शिक्षकाकडेच येते, बहुधा त्याला दुसरे काही काम नसते या समजुतीने. नगर रस्ता शिक्रापूरला सोडला की कारखाने आणि गोदामे मागे पडतात आणि उघडी, कोरडी जमीन लागते. सह्याद्रीला अडून उरलेला पाऊस येथे येतो. माणसे बोलताना दोन वाक्यांत एकदा तरी पाण्यावर येतात. शिबिराच्या तिसऱ्या दिवशी मुलांच्या हाती टेप दिली आणि आम्ही वस्तीवरची घरकुले मोजावयास निघालो.

‘घरकुल’ हा शब्द मला नेहमीच अडखळवतो. घराचे हे लाडके, धाकटे रूप; मुली भातुकलीत मांडतात ते. सरकारी कागदावर तो कुणी आणला कोण जाणे, पण शब्द निवडणाऱ्याने नकळत आकार खरा सांगितला. १९८५ साली इंदिरा आवास योजना सुरू झाली, तेव्हापासून किमान माप २० चौरस मीटर होते. २०१६ साली तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली आणि माप २५ चौरस मीटर झाले, स्वयंपाकाच्या जागेसकट. म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. सपाट प्रदेशासाठी मूळ अनुदान १ लाख २० हजार, त्यातले साठ टक्के केंद्राचे व चाळीस राज्याचे. शौचालयाचे १२ हजार निराळे, आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. २०२५ मध्ये राज्याने त्यात ५० हजारांची भर घालण्याचे ठरवले. सिमेंटच्या दुकानात उभा राहिलेला कोणीही सांगेल की, एवढ्यात घर पुरे होत नाही. घरचे दागिने, सोसायटीचे कर्ज किंवा मुंबईचा भाऊ यांपैकी एक तरी मधे पडतो.

देखरेख कशी होते, हे मुलांना ठाऊक नव्हते. मलाही ते वस्तीवरच नीट कळले. जोते झाले की फोटो, भिंती लिंटेलपर्यंत आल्या की फोटो, छत पडले की फोटो. तो मोबाइलवरूनच घ्यावयाचा. त्याच्याबरोबर अक्षांश-रेखांशही जातात, म्हणजे एकाचे घर दुसऱ्याच्या नावावर दाखवता येऊ नये. फोटो मंजूर झाला की हप्ता बँकेच्या खात्यात. मला हे मनापासून आवडले. पूर्वी कागदावर बांधलेली किती घरे गावोगाव ‘राहत’ होती, ते आपण ऐकलेले आहे. २०१४ साली महालेखापरीक्षकांनी इंदिरा आवास योजनेचा पंचनामा केला, त्यातही बांधकामाच्या तपासणीतल्या उणिवांवर बोट ठेवलेले होते. त्या मानाने हा फोटो फार प्रामाणिक.

ठेकेदाराकडून घरकुल बांधून घ्यावयाचे नाही, लाभार्थ्याने स्वतः बांधावयाचे, असाही नियम आहे. त्याची किंमत जळगावकडे पाहिले म्हणजे कळते. तेथे नगरपालिकेने १९९० नंतरच्या दशकात गावाबाहेर हजारो घरकुले ठेक्याने बांधावयास घेतली. त्यातली थोडीच पुरी झाली, आणि २०१९ साली धुळ्याच्या विशेष न्यायालयाने त्या प्रकरणात ४८ जणांना दोषी ठरवले.

असो. आमच्या टेपेवर यायचे. पहिली चार घरे मापाला बरोबर उतरली. मुले खूश झाली. वहीत बरोबरच्या खुणा पडू लागल्या. पाचवे घर एका आजींचे. एकट्याच राहतात, नवरा गेला, मुलगा चाकणला कारखान्यात. माप तेथेही बरोबर होते. बाहेरच्या भिंतीवर योजनेचे नाव, वर्ष आणि रक्कम सुबक अक्षरांत रंगवलेली होती. मी आत गेले तर चुलीमागच्या कोपऱ्यात भिंतीला काळपट ओल, वर छतातून उतरलेली रेघ, आणि तिच्या बरोबर खाली एक जर्मनचे पातेले मांडलेले. आम्ही गेलो ते थंडीचे दिवस. पातेले कोरडे होते, पण ते तेथून हलवलेले नव्हते.

“आजी, फोटो काढायला आले होते ना, तेव्हा सांगितलं नाहीत?”

“तवा उन्हाळा व्हता बाई,” त्या म्हणाल्या. “आन् फुटूत काय पानी गळतंय व्हय?”

माझ्याबरोबरची मुलगी, अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची, लिहिता लिहिता थांबली. आमच्या तक्त्यात ‘गळती’ असा रकानाच नव्हता. तो तक्ता आम्ही योजनेच्या नियमांवरूनच तयार केला होता. तिने समासात लिहिले.

मग आम्ही मागे जाऊन पहिली चार घरे पुन्हा पाहिली, आणि या वेळी माप न घेता नुसते विचारले. एका घरात दुपारी पत्र्याखाली कोणी बसत नाही; दोन ते पाच घर रिकामे, माणसे बाभळीखाली. एकात खिडकी एकच, आणि ती शेजाऱ्याच्या भिंतीकडे. वर्षातून एकदा ग्रामसभेपुढे सामाजिक अंकेक्षण व्हावयाचे, अशी तरतूद योजनेत आहे. पण तेथे विचारले जाते ते पैसे मिळाले का, कुणी मागितले का. ते विचारलेच पाहिजे. गळते का, हे विचारण्याची पाळी मात्र कोणावरच येत नाही. शेवटचा हप्ता गेला की सरकारचे आणि घराचे नाते सुटते.

नाते टिकले तर फार बरे होते, असेही मी म्हणणार नाही. मुंबईच्या बीडीडी चाळी पाहा. १९२० च्या दशकात मुंबई सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे २०७ इमारती उठवल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. पुणे जिल्ह्यातून गिरणीत गेलेल्या कित्येकांचा पहिला पत्ता असल्याच एखाद्या खोलीचा होता. तेथे शंभर वर्षे सरकारच घरमालक. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तोवर तीन-चार पिढ्या त्या खोल्यांत झोपून उठल्या. तरी तेथे भाडेकरूला दाराशी उभे राहून भांडण्यास एक कार्यालय होते. आमच्या आजी स्वतःच मालकीण. त्या कोणाशी भांडणार?

याच पाबळात घराच्या मापाचा एक निराळा विचार होऊन गेला आहे, आणि तो पाहिल्याशिवाय परतू नये. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी येथे विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट घेतलेला, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या जागेवरचा हा मनुष्य अवर्षणाचे गाव पाहून येथे आला. शाळेत नापास झालेली पोरे हाताने काम करता करता शिकतात, हा त्यांचा सिद्धान्त. २००३ साली ते गेले, पण त्यावर आश्रम अजून चालतो. तेथल्या मुलांनी घुमट बांधले. लोखंडी त्रिकोण एकमेकांना बोल्टने जोडावयाचे, त्यावर जाळी, जाळीवर सिमेंटचा गिलावा. सामान थोडे, भूकंपाला दाद न देणारे. ‘पाबळ डोम’ या नावाने ते परदेशातही ठाऊक आहेत.

गावाने मात्र ते मनावर घेतले नाही. एका गृहस्थांना मी कारण विचारले. “घर चांगलं आहे हो मॅडम,” ते म्हणाले, “पण गोल भिंतीला कपाट कसं लावायचं? आणि देव्हारा कोणत्या कोपऱ्यात?” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. तरीही त्या आश्रमातली एक गोष्ट माझ्या मनात बसली आहे. तेथे बांधणारा पोरगाच पावसाळ्यात त्या छताखाली असतो. गिलावा कोठे पातळ झाला, हे त्याला पुढल्या जूनमध्ये डोक्यावर पडणारा थेंब सांगतो, आणि पुढचा घुमट तो त्या हिशेबाने लिंपतो. आवास योजनेतही गवंड्यांना घरकुल बांधता बांधता प्रशिक्षण देण्याची सोय आहे. तिची जाहिरात रकमेइतकी होत नाही, एवढेच. पाबळसारख्या गावात शिकलेला गवंडी गावातच राहतो. गळले तर आजी त्याच्या दाराशी जाऊन बसू शकतात.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी मुलांनी तक्त्यात पाच नवे रकाने घातले: गळती, ओल, दुपारचा ताप, खिडकी, धूर. अहवाल मी तपासला. शुद्धलेखन सुधारले, बाकी हात लावला नाही. त्याच्या तीन प्रती काढल्या. एक ग्रामपंचायतीत दिली, एक पंचायत समितीकडे पाठवली आणि तिसरी ज्या मुलीने समासात पहिली नोंद केली तिने स्वतःजवळ ठेवून घेतली. मृग लागला की ती पुन्हा पाबळला जाणार आहे. छत कोठे गळते हे थंडीत कळत नाही, असे तिचे म्हणणे. येताना तिने आजींच्या वस्तीवरच्या गवंड्याचा नंबरही लिहून आणला आहे.