ती यादी मागायला हवी

लोक विचारतात, "कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपल्याकडचं आयटीआयच ना?" नाही. आणि असतं तरी त्यात कमीपणा काय?

मी कॅलिफोर्नियात राहते, वय ३९. बारावीला गणितात चांगले मार्क होते, पण खासगी इंजिनिअरिंग कॉलेजची फी घरी झेपणारी नव्हती. बी.कॉम. झालं, लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीमागे इकडे आले. आता इथल्या सरकारी कम्युनिटी कॉलेजात इंजिनिअरिंगची असोसिएट डिग्री करतेय. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, पुढे विद्यापीठानं घेतलं तर थेट तिसऱ्या वर्षाला. आपल्या डिप्लोमा आणि डायरेक्ट सेकंड इयरची लांबची बहीण म्हणा.

प्रवेश परीक्षा नाही, कटऑफ नाही, कॅप राउंड नाही. अठरा पूर्ण असले की या. राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. राज्याचे रहिवासी असल्याचे कागद दाखवले की फी एका युनिटला ४६ डॉलर. डिग्रीला किमान ६० युनिट, म्हणजे २,७६० डॉलर. पुस्तकं वेगळी. माझ्या वर्गात एका बाजूला नुकताच शाळेतून आलेला मुलगा बसतो, दुसऱ्या बाजूला रात्रपाळी करून येणारा मेकॅनिक.

सगळं गोड आहे असं मात्र नाही. दोन वर्षं ही कागदावर. खरी मेख गणिताच्या साखळीत आहे. आधी प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलसचे तीन भाग, मग डिफरन्शियल इक्वेशन्स. कॅल्क्युलसशिवाय फिजिक्स मिळत नाही, फिजिक्सशिवाय स्टॅटिक्स नाही. एक कडी निसटली की पुढचं सगळं सरकतं. मागच्या वर्षी पुरेशी मुलं नाहीत म्हणून आमचा सर्किट्सचा वर्गच रद्द झाला. तो विषय आमच्याकडे वर्षातून एकदाच असतो. वर्ष गेलं. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याचं असं वर्ष गेलं की तो पुन्हा येईलच याची खात्री नसते.

तरी मी टिकले ते एका गोष्टीमुळे. इथे शब्द आधी लिहून दिलेला असतो. 'असिस्ट' नावाची राज्याची अधिकृत वेबसाइट आहे. आपल्या कॉलेजातला कोणता विषय कोणत्या सरकारी विद्यापीठात कशाच्या बदल्यात धरला जाईल, हे नाव नोंदवण्याआधीच कुणालाही दिसतं. विद्यापीठागणिक यादी बदलते, डोकं फिरतं. पण यादी असते.

आपल्याकडे २०२० च्या शैक्षणिक धोरणानं 'मध्येच थांबा, पुन्हा या' अशी सोय आणली. २०२१ मध्ये क्रेडिट बँकही सुरू झाली. चांगलंच आहे. पण बँकेत क्रेडिट जमा असणं वेगळं आणि दुसऱ्या कॉलेजच्या खिडकीवर ते चालणं वेगळं. साताऱ्याच्या एखाद्या मुलीनं पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडलं आणि चार-पाच वर्षांनी पुण्यात अर्ज करायचं ठरवलं, तर तिचे कोणते विषय धरले जातील हे तिला अर्जाआधी, घरबसल्या कळायला हवं. खिडकीपलीकडच्या साहेबांच्या मूडवर ते अवलंबून राहू नये.

फीमाफीवर, वसतिगृहांवर आपण बोलतो. बोलायलाच हवं. पुढच्या वेळी मतं मागायला दारात येतील, तेव्हा ही यादीही मागा.