अकराव्या मजल्यावरचा समुद्र

सिंगापूरच्या एका फ्लॅटमध्ये कोरल मरत होते. पाणी स्वच्छ, दिवे महागाचे, मालक प्रेमळ. मग खुनी कोण? तपास करता करता आम्ही दोघे एका पहाटे भर ओहोटीत एका बेटावर जाऊन पोचलो...

2019 ची गोष्ट. कंपनीने सहा महिन्यांसाठी सिंगापूरला पाठवलं आणि राहायची सोय झाली मंदारकडे. मंदार डोंबिवलीचा, पण पाच वर्षांपासून तिकडेच. बेडोकमध्ये सरकारी वसाहतीतला फ्लॅट, अकरावा मजला, आणि खिडकीतून लांबवर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांचे दिवे. पहिल्याच रात्री पठ्ठ्याने हॉलमधली ट्यूब बंद केली, तर समोरच्या भिंतीशी निळाशार उजेड! तीन फुटी काचेची टाकी, जवळजवळ दोनशे लिटर खारं पाणी, आणि त्यात संथ डोलणारी हिरवी-जांभळी बोटं.

"कोरल आहेत. खरेखुरे, जिवंत," मंदार म्हणाला. मग आवाज खाली आणून, "पण टिकत नाहीत रे."

टाकीच्या एका कोपऱ्यात पांढऱ्या सांगाड्यांची रांग होती. सात. प्रत्येकाची किंमत साठ ते ऐंशी सिंगापूर डॉलर. पण मंदारला पैशांचं दुःख नव्हतं. "गेल्या महिन्यात ठरवलं होतं, आठवा गेला की टाकी विकायची," एवढंच तो म्हणाला. आठवा म्हणजे त्याचा लाडका हॅमर कोरल. टोकाला हातोडीसारखा आकार असलेल्या हिरव्या बोटांचा झुबका. आणि तो गेले चार दिवस आक्रसून बसला होता.

आता माझं पोटापाण्याचं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. बग दिसला की हात शिवशिवतात. म्हटलं, लॅपटॉप काढ, एक्सेल उघड. कोण कधी आला, कधी गेला, सगळं लिहून काढू.

संशयितांची परेड

आधी थोडी ओळख. कोरल म्हणजे प्रवाळ, आपलं पोवळं ज्या खानदानातलं त्यातलाच प्राणी. हो, प्राणी! झाड नाही. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवालं भाडेकरू म्हणून राहतात, उजेडावर अन्न बनवतात आणि भाडं म्हणून त्यातलं बरंचसं मालकाला देतात. उष्णता किंवा उजेड फार झाला की हा करार मोडतो, भाडेकरू बाहेर पडतात आणि कोरल पांढरा पडतो. याला ब्लीचिंग म्हणतात. पण ब्लीच झालेला कोरल लगेच मेलेला नसतो. त्याचं मांस पारदर्शक होतं, जागेवर असतं. मंदारच्या सातांपैकी दोघांचंच असं झालं होतं. बाकीच्या पाचांचं मांस बुडापासून सोलून निघालं होतं. म्हणजे आजार एक नव्हता, किमान दोन होते. तपासातला हा पहिला धडा. सगळ्या मृत्यूंना एकच गुन्हेगार शोधू नका.

पहिला संशयित उजेड. नवे एलईडी दिवे आल्यावर मंदारने पहिल्याच दिवशी ते शंभर टक्क्यांवर लावले होते. ब्लीच झालेले दोघे त्याच आठवड्यातले. उजेड निम्म्यावर आणला. दोन केसेस बंद.

दुसरा संशयित नळाचं पाणी. सिंगापूरचं पाणी थेट नळाला तोंड लावून प्यावं इतकं शुद्ध, पण त्यात क्लोरामाइन असतं. बाजारातलं साधं क्लोरीन मारायचं औषध टाकलं की क्लोरामाइन फुटतं आणि अमोनिया मागे राहतो. माणसाला चालतं, टाकीला नाही. पण मंदारकडे आधीपासूनच आरओ आणि त्याच्यापुढे आयन गाळणारा फिल्टर होता. मीटरवर क्षार शून्य. संशयित निर्दोष सुटला.

तिसरा खारटपणा. इथे मात्र गंमत होती. पाण्याची वाफ होते, मीठ मागेच राहतं. त्यामुळे कमी झालेली पातळी गोड्या पाण्याने भरायची असते. मंदार ती खाऱ्या पाण्याने भरत होता! समुद्रात हजारी 35 भाग मीठ असतं, टाकीत 39 झालं होतं. आणि त्याचं काट्याचं स्वस्त मापक बुडबुडे चिकटल्यामुळे भलतंच काही दाखवत होतं. दोन आठवडे लावून हळूहळू मीठ उतरवलं.

चौथा संशयित उष्णता. रात्री एसी, दिवसा बंद फ्लॅट. पहाटे 27 अंश, दुपारी 31. पाण्यावर पंखा लावला, तो उतार-चढाव निम्मा झाला.

आम्ही खूश. आणि मग एका बुधवारी, ऑफिसात मीटिंगमध्ये असताना, मंदारचा मेसेज : "हॅमर चालला."

अर्धा झुबका सोलून निघाला होता. बुडापासूनच.

त्या संध्याकाळी आम्ही सेरंगून नॉर्थला गेलो. तिथे घरांच्या ब्लॉकखाली मासे आणि टाक्यांच्या दुकानांची रांगच आहे. त्यातल्या एका दुकानातल्या म्हाताऱ्या अंकलना (सिंगापुरात दुकानदार, टॅक्सीवाले, सगळे अंकलच) मंदारने फोटो दाखवले आणि काय काय बदललं त्याची यादी ऐकवली. अंकल ऐकत राहिले, ऐकत राहिले, आणि फक्त एवढंच म्हणाले, "डोन्ट एनीहाऊ, लाह."

म्हणजे, उगाच काहीतरी करत बसू नका. आम्ही तिथून एक नवी बाटली विकत घेऊन आलो!

दोन बहिणींचं बेट

जूनमधल्या एका शनिवारी मंदारने सिस्टर्स आयलंडच्या गाइडेड वॉकची दोन जागांची नोंदणी केली होती. टाकी सुखात होती तेव्हाची. जायचं की नाही यावर थोडी चर्चा झाली. "सांगाडेच बघायचे तर घरी आहेत," तो म्हणाला. तरी गेलो.

पहाटे अंधारात टॅक्सीने मरीना साउथ पिअर, तिथून बोट. मागे बिझनेस डिस्ट्रिक्टच्या उंच इमारती, जिथे सोमवार ते शुक्रवार आमचं आयुष्य जातं. पुढे दोन छोटी बेटं. मिना आणि लीना नावाच्या दोन बहिणी या समुद्रात बुडाल्या आणि त्यांचीच बेटं झाली, अशी इथली जुनी मलय कथा. या बेटांभोवतीचा समुद्र 2014 मध्ये सिंगापूरचं पहिलं मरीन पार्क झाला.

ओहोटी लागली होती. पोटरीभर पाणी, आणि पाणी कसलं, चहासारखं गढूळ! सिंगापूरच्या समुद्रात बरेचदा दोन मीटरपलीकडचं दिसत नाही. गाइडने टॉर्च खाली धरला आणि मी थबकलो. पायाखाली, अक्षरशः पाऊल ठेवायला जागा शोधावी लागेल असे कोरल. मेंदूसारख्या घड्यांचे, ताटासारखे, बोटांसारखे. काही तर पाण्याबाहेर उघडे पडलेले, अंगावर चिकट बुळबुळीत थर ओढून बसलेले. ऊन चढायच्या आत भरती येईल या भरवशावर.

गाइडने आकडे सांगितले. सिंगापूरच्या समुद्रात 250 हून जास्त जातींचे कठीण कोरल सापडतात. आणि समुद्रात भर घालून जमीन करण्याच्या नादात या देशाने निम्म्याहून जास्त प्रवाळभित्ती गमावली आहे. 1998, 2010, 2016, तीन वेळा मोठं ब्लीचिंग झालं. (चौथं 2024 मध्ये झालं, तेव्हा मी तिथे नव्हतो.) तरी बरेचसे सावरले.

मंदारला राहवेना. "इतक्या घाणेरड्या पाण्यात हे जगतात, आणि माझ्या गाळलेल्या पाण्यात मरतात?"

गाइड हसली. म्हणाली, हे इथलेच आहेत, या गढूळ पाण्याला पिढ्यानपिढ्या सरावलेले. दुकानातले दुसऱ्या समुद्रातून येतात. पण तुम्हाला विचारते, समुद्रात शनिवार असतो का?

शनिवार? खरं तर ती चेष्टेतच म्हणाली असणार. पण परतीच्या बोटीत मंदार गप्प होता आणि मी लॅपटॉप न आणल्याबद्दल स्वतःला शिव्या घालत होतो.

बुधवारचा खून, शनिवारचा खुनी

घरी येऊन एक्सेल उघडलं. आतापर्यंत तारखा लिहिल्या होत्या, वार लिहिले नव्हते. वारांचा रकाना घातला आणि चित्र स्वच्छ झालं. उजेडाचे दोन सोडले, तर बाकीचे सगळे मंगळवार ते गुरुवार यांच्यात गेले होते. हॅमरसुद्धा.

आणि शनिवारी काय व्हायचं? शनिवारी मंदार घरी असायचा. आठवडाभर दहा-दहा तास ऑफिस, टाकीकडे बघायला वेळ नाही. मग शनिवारी सगळी भरपाई. अर्धं पाणी बदल, काचा घास, कोरलच्या जागा बदल, आणि बाटलीतलं औषध एका दमात ओत!

आता हे औषध म्हणजे क्षारता वाढवणारं. कोरल आपला चुन्याचा सांगाडा बांधतो तो पाण्यातल्या कॅल्शियम आणि कार्बोनेटपासून. ते रोज थोडं थोडं संपतं, म्हणून भरावं लागतं. आम्ही आठवडाभर रोज रात्री टेस्ट किट घेऊन बसलो, रंग बदलेपर्यंत थेंब मोजत. शुक्रवारी रात्री क्षारता 6.8. शनिवारी दुपारी, मंदारच्या नेहमीच्या सेवेनंतर, 10.5. समुद्रात ती बारा महिने सातच्या आसपास असते. आमच्या कोरलना दर शनिवारी जणू नव्या समुद्रात फेकलं जात होतं. तो धक्का बुडाशी मांस सोलायचा, आणि आम्हाला दिसायचं बुधवारी.

रविवारी मंदारच्या आईंचा फोन आला. स्पीकरवर. मंदारने सगळी कथा सांगितली. काकू म्हणाल्या, "अरे, तुळशीला सहा दिवस पाणी घातलं नाहीस आणि सातव्या दिवशी बादली ओतलीस, तर ती जगेल का? तांब्याभरच, पण रोज." जरा थांबून पुढे म्हणाल्या, "तुझ्या फोनचंही तसंच आहे म्हणा."

मंदारने स्पीकर बंद केला आणि फोन घेऊन खिडकीशी गेला. त्या दिवशी तो बराच वेळ बोलत होता.

उपाय अगदीच बिनशौर्याचे निघाले. औषध दिवसातून चोवीस वेळा थेंबाथेंबाने सोडणारा छोटा पंप. पातळी उतरली की गोडं पाणी आपोआप भरणारा फ्लोट. आठवड्याला दहाच टक्के पाणी बदल, तेही नव्या पाण्याची क्षारता टाकीशी जुळवून. आणि सर्वांत कठीण नियम : एका वेळी एकच बदल, मग दोन आठवडे हात खिशात.

हॅमर तरीही गेला, म्हणजे आम्हाला तसं वाटलं. मंदारने सांगाडा फेकला नाही, नुसता तिथेच राहू दिला. माझा मुक्काम संपायच्या आठवड्यात एका फांदीच्या बुडाशी मसुराच्या डाळीएवढे तीन हिरवे ठिपके दिसले. दुसऱ्या दिवशी त्यांना इवल्या हातोड्या फुटल्या होत्या. टाकी विकायचा विषय पुन्हा निघाला नाही.

आणि आपली मुंबई

परत आल्यावर माझ्याही डोक्यात टाकीचं खूळ शिरलं होतं. लगेच उतरलं. आपल्याकडे 2001 पासून प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत. समुद्रातून काढणं, विकणं, विकत घेणं, सगळंच गुन्हा.

मग 2020 च्या नोव्हेंबरात पेपरात वाचलं. कोस्टल रोडच्या वाटेत आलेल्या प्रवाळांच्या 18 वसाहती वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरून हलवल्या. मुंबईत कोरल? मी रोज बसने तिथून जात होतो! पुढच्या मोठ्या ओहोटीला हाजी अलीच्या खडकांवर उतरलो. प्लास्टिक, निर्माल्य, काळपट पाणी. आणि एका डबक्याच्या काठाला, मातकट रंगाचा, तळहातापेक्षाही लहान गोळा. बेडोकच्या निळ्या उजेडातल्या सुंदऱ्यांपुढे अगदीच गरीब. पण कुणी पंप लावला नव्हता, कुणी थेंब मोजले नव्हते.

मंदारला फोटो पाठवला. त्याचं उत्तर लगेच आलं : "हात लावू नकोस."

लावला नाही.

सिंगापूरला जाणार असाल तर...

मोठं सिस्टर्स बेट 2021 पासून डागडुजीसाठी बंद होतं, ते ऑक्टोबर 2024 मध्ये पुन्हा उघडलं. बोट मरीना साउथ पिअरवरून सुटते, आणि तिथवर मेट्रो जाते. निघण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा बघा. बोटं झाकणारे, पकड असलेले बूट घाला. बेटावर दुकान नाही, तेव्हा पाणी आणि खाऊ बरोबर हवा. आणि आठवण म्हणून कोरलचा तुकडा, अगदी मेलेला पांढरा असला तरी, बॅगेत टाकू नका. फोटो पुरे!