मालेगावचा आकडा आणि कापसाचा भाव

माझं माहेर चोपडा तालुक्यातलं. नोव्हेंबर 2024 मध्ये विधानसभेचा प्रचार ऐन रंगात होता. भाऊबीजेला सगळे जमलो आणि जेवताना राजकारण निघालं. पुण्यात शिकणारा भाचा माझ्या आतेभावाला म्हणाला, "तुम्ही सगळे अंधभक्त आहात, मामा." दादा ताटावरून उठला. अर्धी पुरणपोळी तशीच राहिली.

दादा भाजपचा. माझा त्या पक्षाला विरोध आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. धर्माच्या नावाने मतं मागायची, एकच नेता म्हणजे सगळी जनता असं मानायचं आणि विरोध करणाऱ्याला देशद्रोही ठरवायचं, हे मला भयंकर वाटतं. पण भाच्याच्या त्या एका शब्दाने दादा आणखी हट्टाला पेटला.

8 नोव्हेंबरला धुळ्यात पंतप्रधानांची सभा झाली. 'एक हैं तो सेफ हैं' ही घोषणा तिथलीच. त्यानंतर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादाचा मेसेज आला: लोकसभेला धुळ्यात व्होट जिहाद झाला, पाच मतदारसंघांत आपण पुढे होतो, एकट्या मालेगावने पाडलं. भाच्याने खाली लगेच 'फेक' असं लिहून टाकलं.

मी निवडणूक आयोगाचे आकडे पाहिले. दादाच्या मेसेजमधले आकडे खरे होते. सहापैकी पाच विधानसभा मतदारसंघांत भाजपचे सुभाष भामरे पुढे होते. मालेगाव मध्यने काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना सुमारे 1 लाख 94 हजारांची आघाडी दिली आणि त्या 3,831 मतांनी निवडून आल्या. मग या आकड्यांना फेक कसं म्हणायचं? ग्रुपवर मी काहीच लिहिलं नाही. चारचौघांत कुणी माघार घेत नाही.

मी एका जिनिंगमध्ये हिशेब बघते. दोन-चार दिवसांनी दादा तिथे कापूस घेऊन आला. गाड्यांची रांग मोठी होती. मी चहा घेऊन त्याच्याकडे गेले. मनात धाकधूक होती, कारण भाऊबीजेपासून आम्ही बोललो नव्हतो.

"दादा, तुझे मालेगावचे आकडे बरोबर आहेत," मी म्हटलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग मी विचारलं, "आपल्या समाजाचा उमेदवार उभा असला की आपल्या बूथवर त्याला किती मतं पडतात?"

"जवळपास सगळीच," तो म्हणाला.

"मग त्याला आपण काय म्हणायचं? आणि मालेगावच्या मुसलमानांनी मतं दिली ती शोभाताईंना, एका हिंदू बाईला. तुझं एक मत, तसं त्यांचंही एक."

थोडा वेळ तो गप्प राहिला. "तुनं म्हननं खरं शे," तो म्हणाला. मग लगेच, "पन ते एक होतात, आपण होत नाही." यावर मी वाद घातला नाही. तुला भीती कशाची वाटते, एवढंच विचारलं. तेव्हा तो पोराबद्दल बोलायला लागला. पोरगा पदवीधर, नोकरी नाही, शेती करतो म्हणून कुणी मुलगी द्यायला तयार नाही. बराच वेळ तो तेच सांगत होता आणि त्यात मालेगाव कुठेच नव्हतं. ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात माणूस मशीन घेऊन ओलावा बघायला आला. सीसीआय, म्हणजे सरकारचं कापूस महामंडळ, 12 टक्क्यांपर्यंत ओलावा असलेलाच कापूस घेते. हमीभाव क्विंटलमागे लांब धाग्याला 7,521 आणि मध्यम धाग्याला 7,121 रुपये होता. खेडा खरेदीत व्यापारी त्याच्या खालीच मागत होते. मी विचारलं, "धुळ्याच्या सभेतलं काय लक्षात आहे?" त्याने घोषणा म्हणून दाखवली. "आणि कापसाचं?" त्याला आठवेना. मीही तो विषय तिथेच सोडला. जास्त ताणलं असतं तर तो पुन्हा पक्षाची बाजू घेऊन बसला असता.

वहिनीशी बोलणं वेगळंच झालं. लाडकी बहीण योजनेचे महिन्याला 1,500 रुपये खात्यात येतात याचं तिला फार अप्रूप. 'पैशाला भुललात' असं कुणी म्हणालं की ती चिडायची, आणि ते बरोबरच आहे. दीड हजारात तिची गोळ्या-औषधं येतात. मी म्हटलं, "घ्या वहिनी, ते पैसे तुमच्याच करातले. साबण, तेल, चहा काहीही घ्या, कर जातोच. मग देणाऱ्याचे उपकार कसले?" प्रचारात महायुतीने 2,100 चं आणि महाविकास आघाडीने 3,000 चं आश्वासन दिलं, तेव्हा वहिनीनेच विचारलं, हे आणणार कुठून? माझ्या बाजूच्यांनाही तो प्रश्न लागू होता, आणि मी तसं कबूल केलं. त्यानंतर ती माझं जास्त ऐकू लागली.

20 तारखेला मतदान झालं आणि 23 ला निकाल. राज्यात महायुती आली, चोपड्यातही तिचाच उमेदवार आला. दोन दिवस मला काही सुचत नव्हतं. दादाने मत कुणाला दिलं, ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्र सरकारने कापसाच्या आयातीवरचं 11 टक्के शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत माफ केलं. आमचा कापूस बाजारात येतो तो नेमका याच काळात. या वेळी फोन दादाचा आला. "ताई, हे शुल्काचं काय शे? नीट समजावून सांग." मी सांगितलं. पक्षाचं नाव मी काढलं नाही, त्यानेच काढलं. मग गावातल्या शेतकऱ्यांनी तहसीलदारांना निवेदन द्यायचं ठरवलं. मजकूर मी लिहिला, सह्या दादाने घरोघरी फिरून गोळा केल्या. त्यात पक्षाच्या कार्यकर्त्यांच्याही सह्या होत्या. दादाच्या गाडीवर अजून तोच झेंडा आहे, आणि हमीभावाची चौकशी करायला तो आता माझ्याकडे येतो.