खाऱ्या हवेतले ब्रेक

डाव्या पुढच्या चाकातून काढलेले दोन पॅड मी पडवीच्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. बाहेरच्या पॅडवर सात-आठ मिलिमीटर लायनिंग शिल्लक होतं. आतल्या पॅडवर एक मिलिमीटरसुद्धा उरलं नव्हतं, आणि एका कोपऱ्यात तर पत्रा डिस्कवर घासायला लागला होता. एकाच चाकातले, एकाच दिवशी बसवलेले हे पॅड. उजव्या चाकातले दोन्ही पॅड मात्र सारखे झिजलेले होते.

पॅड झिजणारच, ते झिजण्यासाठीच असतात. पण एक झिजतो आणि दुसरा नाही, तेव्हा दोष पॅडचा नसतो. आत काहीतरी जाम झालेलं असतं. ते न सोडवता नवीन पॅड टाकले, तर नवा आतला पॅड जुन्याच्याच वाटेने जातो आणि पैसे फुकट जातात. ब्रेकच्या कामाबद्दल मला मनापासून सांगायचं आहे ते एवढंच.

शंका आली होती आंबा घाटात. कोल्हापूरहून परतताना घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच उतरलो होतो, ब्रेकवर पाय दाबून बसलो नव्हतो. तरी साखरप्याला चहाला थांबलो तेव्हा डाव्या चाकाजवळ जळका वास येत होता. रिमजवळ हात नेला तर आच लागत होती. उजवं चाक साधारण कोमट होतं. त्याआधी काही आठवडे ब्रेक दाबला की बारीक किरकिर ऐकू यायची. बऱ्याच पॅडना एक छोटी पत्र्याची जीभ असते. लायनिंग दोन-तीन मिलिमीटरवर आलं की ती डिस्कला टेकते आणि ओरडते. ती किरकिर म्हणजे पॅडने दिलेली सूचना असते, तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

आमच्या हॅचबॅकला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत, आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांसारखेच. पुढच्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकच, तोही आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर रेटतो. डिस्क हलत नाही, म्हणून अख्खा कॅलिपर दोन गाइड पिनांवर आतल्या बाजूला सरकतो आणि बाहेरचा पॅडही डिस्कवर ओढला जातो. सगळी मदार त्या सरकण्यावर. पिन जाम झाली की आतला पॅड एकटा राबतो, बाहेरचा नुसता बसून राहतो. पाय उचलल्यावरही कॅलिपर मोकळा होत नाही, आतला पॅड डिस्कला चिकटून घासत राहतो. साखरप्याला लागलेली आच तीच.

पिन जाम का होते, हे रत्नागिरीत राहणाऱ्याला फार समजवावं लागत नाही. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि उरलेले आठ महिने समुद्रावरून येणारा खारा वारा. मिठातलं क्लोराइड लोखंडावर गंज चढण्याचा वेग वाढवतं. आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. पिन आणि तिचं भोक यांच्यात जेमतेम ग्रीसपुरती फट असते. पिनेवरच्या रबराच्या बुटाला चीर पडून त्या फटीत पाणी गेलं, की गंज फुगतो आणि पिनेला चारी बाजूंनी आवळतो. खिडक्यांचे गज, गेटची बिजागरी, विहिरीवरचा रहाट, सगळ्यांचं आपल्याकडे हेच होतं. फरक इतकाच की गेट अडकलं तर माणूस बाहेर राहतो, ब्रेक अडकला तर गाडी एका बाजूला ओढते.

काम घरच्या अंगणातच करायचं ठरवलं. गाडीबरोबर मिळणारा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. मी जॅक स्टँड लावला, काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवलं आणि मागच्या चाकांना चिरे लावले. जांभ्याचा चिरा चाक अडवायला चालतो, गाडी पेलायला चालत नाही. भाराखाली तो न सांगता फुटतो. हे मुद्दाम लिहितोय, कारण चिऱ्यावर उभ्या केलेल्या गाड्या मी आमच्याच वाडीत पाहिल्या आहेत.

कॅलिपरचे बोल्ट सुटले. कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगून ठेवला, ब्रेकच्या रबरी नळीवर त्याचं वजन पडू दिलं नाही. वरची पिन हाताने ओढली तशी बाहेर आली. खालची हलेना. तिच्यावरचा बूट फाटलेला होता आणि कडेला जुनं ग्रीस सुकून खडूसारखं झालं होतं. मागच्या वेळी एका गॅरेजमध्ये पॅड बदलून घेतले होते, तेव्हा ही पिन कोणी बाहेर काढलीच नव्हती. पॅड बदलायला ती काढावी लागतही नाही. एक बोल्ट सोडून कॅलिपर वर उचलला की पॅड निघतात, काम लवकर उरकतं आणि गिऱ्हाइकाला फरक कळत नाही.

कॅलिपर ज्यावर बसतो त्या ब्रॅकेटचे दोन बोल्ट मी सोडले, अख्खं ब्रॅकेटच काढलं आणि मिरकरवाड्यावर गेलो. तिथे होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. समुद्रात रोज जाणाऱ्या इंजिनाचा एकही नट सरळ सुटत नाही, त्यामुळे अडकलेल्या लोखंडाबद्दल त्यांच्याइतकं जाणणारा माणूस माझ्या ओळखीत दुसरा नाही. मी पान्याला लांब पाइप लावायचं बोललो, तर त्यांनी ब्रॅकेट माझ्या हातातून काढूनच घेतलं.

"पाइप नको, भाऊ. पिन आत तुटली तर ड्रिल मारत बसाल. ती पुढे येत नाही ना, मग आधी मागे न्या."

ब्रॅकेट व्हाइसमध्ये धरलं. फाटलेला बूट आधीच कापून टाकला होता, म्हणजे जळायला रबर उरलं नाही. ब्रेक क्लीनर मी मुद्दामच फवारला नव्हता. काही क्लीनरमध्ये क्लोरीनचे द्रावक असतात आणि ते तापले की विषारी फॉस्जीन वायू तयार होतो. चाचांनी गॅस टॉर्चने पिनेभोवतीचा जाड भाग तापवला, पिन नव्हे. बाहेरचा भाग आधी तापतो, आधी पसरतो, आणि मधला गंज तडकतो. लाल होईपर्यंत तापवायचं नाही. टॉर्च बाजूला ठेवून थोडं निवू द्यायचं, मग गंज सोडवणारं तेल सोडायचं. निवताना ते फटीत ओढलं जातं. मग बाजूने हातोडीचे हलके ठोके, आणि मग पाना. पाना घट्ट करायच्या दिशेला केसभर, सोडायच्या दिशेला केसभर. पुन्हा आच, पुन्हा तेल. बराच वेळ काहीच झालं नाही. चाचा मध्येच दुसऱ्या होडीच्या पंपाकडे जाऊन आले. परत आल्यावर त्यांनी पाना धरला आणि एक कर्रकन आवाज झाला. मग पिन पुढे-मागे फिरत फिरत, तांबडा चिखल ओकत बाहेर आली.

हा सावकाशपणा शिकण्यासारखा आहे. जोर लावून अडकलेली वस्तू सुटते तेव्हा बऱ्याचदा ती तुटलेली असते. आटे गेले, बोल्टचं डोकं गोल झालं, पिन मधून मोडली, की एका कामाची चार कामं होतात. षटकोनी डोक्याला सहा बाजू धरणारा गोटी पानाच लावावा, बारा दात्यांचा नको. गंजलेल्या कडा तो लवकर गोल करतो.

निघालेल्या पिनेवर खड्डे पडले होते. एमरी पेपरने ती चकाकली असती, पण खड्ड्यात पुन्हा पाणी धरलं असतं. म्हणून नव्या पिना आणि नवे बूट आणले. ब्रॅकेटचं भोक गोल वायर ब्रशने साफ केलं, पॅड ज्या खाचांत बसतात त्या खाचाही कानशीने हलकेच घासल्या. तिथे गंज चढला तर पिना मोकळ्या असूनही पॅड अडकतो. पिनेला सिलिकॉनचं ग्रीस लावलं. घरात असलेलं साधं ग्रीस इथे वापरू नये. ब्रेकमधलं बहुतेक रबर खनिज तेलाने फुगतं, आणि फुगलेला बूट पिनेला पुन्हा आवळतो. ग्रीसचा थर पातळ हवा आणि पॅडच्या तोंडाला त्याचा स्पर्शही होता कामा नये.

डिस्कच्या आतल्या बाजूला पत्र्याने चर पाडले होते, म्हणून दोन्ही चाकांच्या डिस्क बदलल्या. जुनी डिस्क हबला गंजाने धरून बसली होती. ती भंगारातच जाणार होती, म्हणून तिला हातोडा मारायला हरकत नव्हती. पण परत बसवायची असलेली डिस्क ठोकू नये. बऱ्याच डिस्कना आट्यांची दोन भोकं असतात, त्यांत बोल्ट आळीपाळीने आवळत नेले की डिस्क पुढे ढकलली जाते. नवी बसवण्याआधी हबचा चेहरा वायर ब्रशने अगदी उघडा केला. तिथे गंजाची एक खपली राहिली तरी डिस्क किंचित तिरकी बसते आणि पुढे पेडल पायाखाली थरथरायला लागतं.

नवे जाड पॅड बसण्यासाठी पिस्टन मागे ढकलावा लागतो. अकरावीत शिकणारी मुलगी ब्रेक ऑइलच्या टाकीवर लक्ष ठेवून होती, कारण पिस्टन मागे गेला की ऑइल वर चढतं आणि सांडलं तर रंग खातं. सी-क्लॅम्प फिरवताना तिने विचारलं, "बाबा, आत स्प्रिंग नाही, मग ब्रेक सोडल्यावर पिस्टन मागे कसा येतो?" पिस्टनभोवती चौकोनी काटछेदाची रबराची सील असते. ब्रेक दाबताना ती पिस्टनबरोबर पुढे मुरडते आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे खेचते. तेवढंच पुरतं. आमचा पिस्टन एकसारखा, न अडकता मागे गेला. तो जाम असता तर मी कॅलिपर दुरुस्तीला दिला असता, अंगणात उघडला नसता. माझ्या मते ती घरच्या कामाची हद्द आहे.

ब्रेक ऑइलही बदललं. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि कोकणातल्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. घाटात ब्रेक तापले, ऑइल उकळलं आणि वाफ धरली, तर पेडल सरळ तळाला जातं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलावं. हवा काढायच्या निपलवरही गंज होता. तो मोडला तर कॅलिपर गेला, म्हणून त्याला आदल्या संध्याकाळपासून तेल देऊन ठेवलं होतं. सकाळी हलक्या ठोक्यांनी तो सुटला. मुलगी पेडल दाबून धरायची, मी निपल उघडून बंद करायचो, मग ती पाय सोडायची. नळीतून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत हे चाललं.

मागच्या चाकांत फारसं काही नव्हतं. ड्रम लायनरला धरून बसले होते. हँडब्रेक सोडून, ड्रमवरच्या दोन आट्यांच्या भोकांत आठ नंबरचे बोल्ट आवळले आणि ड्रम टक्कन सुटले. आतला भुगा फुंकला नाही, पाण्याने ओला करून पुसला. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. पावसाळ्यात गाडी चार-आठ दिवस उभी राहणार असेल, तर सपाट जागी मी आता हँडब्रेक ओढत नाही. गिअरमध्ये ठेवतो आणि चाकाला दगड लावतो. ओढलेला हँडब्रेक ओल्या हवेत लायनरला ड्रमशी जोडून टाकतो.

सगळं बसवल्यावर गाडी सुरू करण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबलं. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिलं पेडल रिकामं जातं. हे विसरून गाडी रिव्हर्स घेतली तर ती भिंतीवरच थांबते. मग भाट्याकडच्या मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगाने जात, हळूहळू थांबत, पॅड आणि डिस्क एकमेकांना बसू दिले. परतल्यावर दोन्ही चाकांजवळ हात धरला. आच सारखी होती.

पुढच्या महिन्यात आंबा घाट पुन्हा उतरलो तेव्हा गाडी कुठेही ओढली नाही आणि वासही आला नाही.

किनाऱ्यावर राहणाऱ्या वाचकांना विनंती आहे. पान्याची सवय नसेल आणि शेजारी जाणता माणूस नसेल, तर ब्रेकला स्वतः हात लावू नका. पण गॅरेजमध्ये गाडीजवळ उभे राहा, पॅड बदलताना चारही गाइड पिना बाहेर काढायला सांगा आणि त्या डोळ्यांनी बघा. पाऊस संपला की दसऱ्याला आपण गाडी धुऊन तिला झेंडूचा हार घालतो. त्याच आठवड्यात पिना पुसून त्यांना ताजं सिलिकॉन ग्रीस लावून घ्या. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे आणि ग्रीसची छोटी ट्यूब कित्येक वर्षं पुरते.